खाडीकडची बाजू

१९ जानेवारी २०२५, रविवार

बुरुजाला खाडीकडून पोट आलं आहे. महिनाभर संशय होता, आज खात्री झाली. काठीच्या टोकाला दोरी आणि दगड बांधून समोर धरला. दोरी सरळ होती, भिंत नव्हती. मधोमध वीतभर पुढे आली आहे.

कुणाला सांगावं कळेना, म्हणून इथे लिहिते आहे. हे असते तर ह्यांना सांगितलं असतं. ह्यांना जाऊन साडेनऊ महिने झाले.

बुरूज आमच्या परसाला लागून आहे. कोन गावात, खाडीच्या अगदी काठावर. पोर्तुगीजांचा की मराठ्यांचा, यावर गावात आजही वाद होतो. त्याची खाडीकडची बाजू दरवर्षी होळीच्या आधी पांढरी करायची, हे काम आमच्या घराण्याकडे आहे. पूर्वी गलबतं यायची, त्यांना लांबून काठ कळावा म्हणून. गलबतं गेली, मग रेतीच्या बोटीही गेल्या. पण हे करत राहिले. गावाकडची बाजू पांढरी करायची नाही, तो दगड काळाच ठेवायचा.

मी बावीस वर्षं भिवंडीत लूमच्या चेकिंगला होते. कापड टेबलावरून ओढायचं, दोष दिसला की खडूची खूण करायची. भिंतीचा दोष म्हणूनच लवकर दिसला असेल.

२१ जानेवारी

आज दिवसभर कुणाशी बोलले नाही. गॅसवाला आला होता, त्याला फक्त "ठेव" म्हटलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून सागर थेट इकडे आला. सागर म्हणजे भाऊजींचा मुलगा. मंडळाचा अध्यक्ष आहे. आम्हाला मूल नाही, त्यामुळे ह्यांच्या दिवसांना त्यानेच सगळं केलं.

"काकी, एक सरप्राइज हाय," म्हणाला. "यंदा काकाच्या नावानं अख्खा मंडळ बुरूज रंगवनार. नऊ मार्चला. ऑइल पेंट, काका लावायचा तोच. चालीस लिटर सांगितलाय. बॅनर पन करतोय, बुरुजाचे राखणदार कैलासवासी रामनाथ. फोटो कुठला देतेस?"

मी म्हटलं, "बघते."

"रडू नको ना गो."

मी रडत नव्हते. डाव्या डोळ्यातून पाणी येतं, ते त्याला माहीत नसेल. भिंतीच्या पोटाबद्दल सांगायचं होतं, पण तो इतका खूश होता की राहून गेलं.

फोटो शोधले. सगळ्यांत ह्यांनी डोळे मिटलेले आहेत, नाहीतर मागे कुणाचं तरी लग्न आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी एक मुलगी आली. मदीहा नाव, भिवंडीचीच. जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकली आहे आणि खाडीवरचे बुरूज मोजत फिरते. परसातून जायला वाट मागितली. मी चहा दिला.

"मावशी, तुम्ही आत गेलायत ना कधी?"

मी नाही म्हटलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मी कधी वर गेले नाही. ह्यांनी कधी बोलावलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही.

बुरुजाला खाली दार नाही. दार दोन पुरुष उंचीवर आहे, शिडी लावून चढायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची, अशी ती रचना. ह्यांची शिडी तिथेच होती. मदीहा आधी चढली आणि वरून हात दिला. चौपन्नाव्या वर्षी मी शिडी चढले.

आत गोल खोली आहे, माझी तेरा पावलं. मधोमध एक जाड खांब, त्याच्या डोक्यावरून छताचे दगड छत्रीच्या काड्यांसारखे चहूकडे गेलेले. पायाखाली पाण्याचं टाकं. भिंतीला बंदुकीसाठी जंग्या आहेत. आतून माणूस उभा राहील एवढ्या रुंद आणि बाहेर तळहाताएवढी फट. खाडीकडे पाच आणि गावाकडे एक. मदीहाने टेप लावली. खाडीकडे भिंत सात फूट जाड, गावाकडे फक्त चार.

"शत्रू पाण्यातून येणार, म्हणून तिकडे जाड," ती म्हणाली. "आणि बुरूज त्याच्या हातात गेलाच, तर आपल्याच लोकांना गावाकडून फोडता आला पाहिजे. म्हणून इकडे पातळ."

बांधणाऱ्याने पडायचाही विचार करून ठेवला होता.

गावाकडच्या त्या एकट्या जंगीत ह्यांची चटई होती, घडी घालून. विड्यांची थोटकं होती. मी तिथे बसून पाहिलं. त्या फटीतून फक्त आमचं मागचं दार आणि धुण्याचा दगड दिसतो, दुसरं काही नाही. खाडी बघायला पाच जंग्या असताना हे इथे का बसायचे, कोण जाणे. वारा लागत असेल.

बाहेर आल्यावर मदीहाने लाकडी हातोडीने भिंत ठोकली. काही ठिकाणी भरीव आवाज आला. पोटाजवळ मात्र रिकाम्या पिंपासारखा आला. मग तिने नखाने रंग उचकटला.

"हा ऑइल पेंट किती वर्षं लावतायत?"

"बरीच."

"मावशी, यानेच घात केलाय. ही भिंत म्हणजे दोन भिंती आहेत, मध्ये दगड-चुन्याची भर. पाणी वरून शिरतं, खालून चढतं. चुना असेल तर ते आपोआप बाहेर सुकतं. हा रंग म्हणजे प्लास्टिकची पिशवी. पाणी आतच राहिलं आणि भर विरघळत गेली. पावसाच्या आत रंग काढला नाही, तर ही बाजू यंदा खाडीत जाईल. कोणी लावला?"

"गावातल्यांनी," मी म्हटलं.

तिने वहीत तसं लिहिलं.

५ फेब्रुवारी

मी खोटं बोलले. तीन दिवस तेच डोक्यात आहे.

आधी चुनाच असायचा. कळीचा चुना आणायचा, पिंपात विरवायचा, आठ दिवस ठेवायचा. ढवळायचं काम घरातल्या बाईचं. सासूबाईंनंतर ते माझ्याकडे आलं. मी पिंपावर वाकून ढवळायची आणि हे कुंचा घेऊन शिडीवर. बोलणं असं नसायचं. "पातळ कर." "झाला?" "अजून एक बादली." वर्षातलं तेवढंच काम आम्ही दोघं मिळून करायचो.

२००९ साली ढवळताना चुना उसळला आणि डाव्या डोळ्यात गेला. फूल पडलं. बारीक सूत दिसेना म्हणून पुढे चेकिंगचं कामही सुटलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पुढच्या वर्षी ह्यांनी ऑइल पेंटचे डबे आणले. म्हणाले, "हल्ली बरा चुना मिलत न्हाय." मी बरं म्हटलं.

खरं लिहायचं तर मला वाईट वाटलं होतं. डबा उघडला की झालं, त्यात माझं काही काम नव्हतं. हे एकटेच जायचे आणि मी स्वयंपाकघरात असायची. तेव्हा वाटलं, एका डोळ्याची बाई कामाला नको झाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

मदीहाने कोणता चुना लागेल ते लिहून दिलं होतं. भिवंडीच्या बाजारात गेले. ह्यांचं ठरलेलं जुनं दुकान शोधून काढलं, चुना, सुतळी, कुंचे विकणारं. मालक रहमतुल्ला, आता फार म्हातारे झालेत. गल्ल्यावर मुलगा बसतो आणि ते स्टुलावर.

"कोनचे रामनाथभाई? गेले? अरेरे." बराच वेळ मान हलवत राहिले. "इकडं यायचं पंधरा वर्षांपासून बंदच केलं होतं त्यांनी."

मी म्हटलं, "तेव्हा बरा चुना मिळत नव्हता ना."

"कोण बोललं?" म्हातारा चिडलाच. "माझ्या दुकानात चुना एक दिवस बंद नाही. पुराचं पाणी पुलाला लागलं तेव्हा पण होता. मीच बोललो त्यांना, बुरुजाला ऑइल पेंट कशाला मारता? जुना दगड आहे, घुसमटेल. तर बोलले, चुना आता घरात नको. मी विचारलं, घरात लहान पोरं आहेत काय? तर नुसते हसले."

मी दोन गोण्या सांगून ठेवल्या.

घरात नको असं मी कधीच म्हटलं नव्हतं. सासूबाई तर त्याआधीच गेल्या होत्या. मग नको म्हणणारं होतं कोण? रहमतुल्लांचं वय झालंय, दुसऱ्या कुणाचं बोलणं आठवत असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

मदीहाचा फोन आला होता. भिंतीला टेकू आणि परांची उभी करायची तिची तयारी आहे, कारागीरही आहेत. गावाचं पत्र पाहिजे. आणि नऊ तारखेला जर चाळीस लिटर आणखी बसला, तर मग तिने हात लावण्यात अर्थ नाही, असं म्हणाली.

म्हणून भाऊजींकडे गेले. केसरीनाथ भाऊजी ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ओटीवर जाळं विणत होते. मासे धरायला आता जात नाहीत, पण जाळं विणतात. मी सगळं सांगितलं, पिशवीचं, भरीचं, आवाजाचं.

त्यांनी हात थांबवला नाही. "म्हंजे दादानं बुरूज मारला?"

"त्यांना माहीत नव्हतं."

"मंग आता गावाला सांगून काय करनार? दादा येनार हाय उत्तर द्यायला?"

"भिंत पडेल, भाऊजी."

"पडली तर जुनी झाली म्हनून पडली. तीनशे वरसं झाली तिला. तू बोललीस, तर दादानं पाडली असा होईल." मग माझ्याकडे बघितलं. "वयनी, ती पोरगी आज हाय, उद्या जाईल. आपल्याला हितंच रहायचा हाय. गप रव."

जाऊबाईंनी जेवायला थांब म्हटलं. मी घरी आले.

गप राहणं मला अवघड नाही. सगळ्यांना तेच माहीत आहे.

२८ फेब्रुवारी

बॅनर छापून आला. सागर दाखवून गेला. फोटोत मागचं लग्न कापून निळं आकाश घातलंय. हे चांगले दिसतात. मी म्हटलं, छान आहे.

रात्री नव्हे, पहाटे जाग आली तेव्हा विचार केला. चेकिंगला असताना माग कुणाचा आहे हे बघायचं नाही, असा नियम होता. एकदा गावातल्या ठमाबाईच्या मुलाच्या थानात सुताच्या तारा तुटलेल्या होत्या, मी खूण केली. ठमाबाई दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. पण तो परका होता.

२ मार्च, रविवार

गावदेवीच्या देवळासमोर सभा झाली. रंगवायला कोण किती वाजता येणार ते ठरवायला. पन्नासेक माणसं होती. सागरने माइक माझ्यासमोर धरला. "काकीला दोन शब्द बोलायचे हायत."

माइक मी नको म्हटला. उभी राहिले. "रंग लावू नका," म्हटलं.

"खर्चाचा टेन्शन नको घेऊ काकी, डबे आलेत."

"खर्चाचं न्हाय. रंगामुळंच भिंत फुगली. पानी आत कोंडलंय. काढला न्हाय तर पावसात पडेल." मग मदीहाने सांगितलेलं जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. बाहेर बोलायची सवय नाही, त्यामुळे भराभर बोलले असेन.

मग ठमाबाई बोलली. "म्हंजे रामनाथनं बुरूज बिघडवला, असा बोलतेस काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भाऊजी खांबाला टेकून बसले होते, ते जमिनीकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं. "चूक ह्यांचीच. पंधरा वर्षं लावला. कुनी विचारलं न्हाय, मी पन न्हाय."

"घ्या! नवऱ्याला जाऊन वरीस न्हाय झाला न बायको चुका काढतेय. आमच्या टायमाला नवऱ्याचा नाव पन घेत नव्हतो."

"म्हनून तुझा नवरा आयकत नव्हता," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

भाऊजी उठले, चपला घातल्या आणि गेले.

सागरचं तोंड उतरलं होतं. "मंग चालीस लिटरचा काय करू मी? आन बॅनर?"

"देवळाच्या फाटकाला लाव रंग. लोखंडाला चालतो तो."

पुन्हा हशा झाला. मी विनोद केला नव्हता. मदीहाला द्यायच्या पत्रावर सह्या झाल्या, पण सही करताना माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बॅनर सागरने गुंडाळून नेला.

घरी येऊन ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. दिवा लावला.

९ मार्च, रविवार

टेकू लागले. परांची बांधली. पोटाजवळ फक्त मदीहाचे कारागीर काम करतात, मला तिने बाजूची, खालची भिंत दिली. लाकडी पट्टीने रंग सैल करायचा, मग हळू उचकटायचा. लोखंड लावायचं नाही, दगड दुखावतो म्हणाली.

गावातलं कुणी आलं नाही.

रंगाच्या खपल्या जाड निघतात. कडेला बघितलं तर थर दिसतात, मोजता येतात. पंधरा. वरून तिसरा जरा पिवळट आहे. त्या वर्षी ह्यांना कावीळ झाली होती, तरी गेले होते. कसला डबा आणला होता कोण जाणे.

पंधराव्याच्या खाली चुना लागला. तो आमचा दोघांचा. त्याला हात लावायचा नाही, मदीहा म्हणाली, तो चांगला आहे.

१३ मार्च, गुरुवार

होळी. आमच्याकडे सुतक नसलं तरी वर्ष सरेपर्यंत सण नाही. परसातून ढोल ऐकला. बायका नटून बुरुजापाशी येतात, पांढऱ्या बाजूला हळद लावतात. यंदा भिंत अर्धी सोललेली, कुठे काळी, कुठे राखाडी. त्या आल्या, परांची बघितली आणि देवळाकडे वळल्या.

एकीने मला हाक मारली असं वाटलं. गेले तर कुणी नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

वर्षश्राद्ध. पिंड द्यायला भाऊजी आले, यावंच लागलं. सगळं नीट केलं. कावळा लवकर शिवला. जेवताना मला म्हणाले, "मीठ दे." तेवढंच.

जाताना परसाच्या कडेला थांबून बुरुजाकडे बघत उभे राहिले. मी भांडी घासत होते. पुन्हा वर बघितलं तेव्हा गेले होते.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी भिंतीपाशी खरवडल्याचा आवाज आला. कारागिरांना सुट्टी होती. जाऊन बघते तर भाऊजी. लुंगी खोचून, माझी पट्टी घेऊन.

मी दुसरी पट्टी घेतली आणि पलीकडे बसले. तासभर दोघं खरवडत राहिलो.

मग एक खपली निघेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली, ती तुटून हातात आली आणि ते मागे मातीत बसले. "आयला या दादाच्या," म्हणाले, "किती जाड लावलाय! याला कमी लावायला कधी जमलाच न्हाय. माझ्या लग्नात मांडवाला बांबू दुप्पट लावले होते यानं. नवरी आत शिरंना."

मला हसू आलं. गेल्या वर्षभरात ह्यांच्याबद्दल सगळे चांगलंच बोलत होते. ते ऐकून ह्यांची आठवण यायची नाही. आज आली. मांडवातले ते बांबू मीही पाहिले होते. नंतर आम्ही दोघंही हसत नव्हतो.

बारा वाजता ते गेले. उद्या येतो असं काही म्हणाले नाहीत.

६ एप्रिल, रविवार

काल संध्याकाळी शेवटचा रंग निघाला. मदीहा म्हणाली, पोटाचे दगड उतरवून पुन्हा बसवायचं काम आता सुरू होईल, भिंत वाचते आहे. पण चुन्याचा हात यंदा नाही. आधी भिंत वाळली पाहिजे.

सकाळी दार उघडलं आणि बघतच राहिले. उघड्या भिंतीवर सगळीकडे पांढरं. कापसासारखं, बारीक. कुणी येऊन चुना मारून गेलं असं वाटलं. सागर मोटरसायकल थांबवून वाटेवरून ओरडला, "काकी, सफेद कुनी केला?"

बोट लावून चाखलं. मीठ होतं.

मदीहाला फोन केला. ती म्हणाली, "छान झालं मावशी. इतकी वर्षं आत साठलेलं खारं बाहेर येतंय. धुवायचं नाही हं, धुतलं की परत आत जातं. रोज कोरड्या ब्रशने झाडायचं. उद्या पुन्हा येईल. वर्षभर येत राहील."

"वर्षभर?"

"जास्तही. रोज कुणीतरी करायला पाहिजे. माणूस बघू का?"

मी म्हटलं, नको, मी आहे.

हात पोचेल तेवढी भिंत झाडली. दुपारपर्यंत खांदा भरून आला. वरची बाजू राहिली आहे, तिथे शिडी लावावी लागेल.